विश्लेषण : फोन धडधाकट, तरी कंपनीचे ॲप का चालत नाही?

कॉल लागतात, व्हिडीओ दिसतात, बॅटरीही दिवसभर टिकते. पण कंपनीने हजेरीसाठी, ऑर्डर नोंदवण्यासाठी किंवा ईमेलसाठी सांगितलेले ॲप घ्यायला गेले की ते ‘तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, वितरकांची माणसे, घरोघरी माल पोहोचवणारे अशा अनेकांचे काम आता स्वत:च्याच फोनवरून चालते. त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. हजेरी लागत नाही, प्रवासभत्त्याचा दावा अडकतो आणि शेवटी चालता फोन बाजूला ठेवून नवा घ्यावा लागतो. हे ठरवते कोण आणि कशासाठी?

‘उपलब्ध नाही’ म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइडवरील प्रत्येक ॲपमध्ये, ते किमान कोणत्या आवृत्तीवर चालेल, याची नोंद असते. ही मर्यादा ॲप बनवणारी कंपनी ठरवते. ‘प्ले स्टोअर’ त्या नोंदीशी फोन ताडून पाहते आणि तो बसत नसेल तर ॲप देत नाही. काही वेळा जुन्या फोनला ॲपची जुनी आवृत्ती मिळते, पण कार्यालयाचा सर्व्हर नवीच आवृत्ती मागतो आणि लॉगइन अडते. म्हणजे बहुतेकदा फोनची ताकद कमी पडलेली नसते. त्याला सांभाळायचे नाही, असे कोणी तरी ठरवलेले असते.

‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’चा नियम यासाठी पाहण्यासारखा आहे. अँड्रॉइडच्या शेवटच्या चार मुख्य आवृत्त्या आणि आयफोनच्या ‘आयओएस’च्या शेवटच्या दोन, एवढ्यांनाच या ॲपचा आधार मिळतो. कर्मचाऱ्यांचे फोन कार्यालयाच्या यंत्रणेला जोडणाऱ्या याच कंपनीच्या ‘इंट्यून’ने ऑक्टोबर २०२४ पासून कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी किमान अँड्रॉइड १० ही अट घातली. अँड्रॉइड १० आले सप्टेंबर २०१९ मध्ये. स्वस्त फोनला एखाद-दुसरीच मोठी अद्ययावत आवृत्ती मिळते, हे लक्षात घेतले तर २०१८ मध्ये घेतलेले कितीतरी फोन या अटीत बसणार नाहीत, हे उघड आहे. छोटे दुकानदार ज्यावर ऑर्डर घेतात त्या व्हॉट्सॲपनेही २०२५ मध्ये आयओएस १५.१ च्या खालचे आयफोन सोडले. आयफोन ६ त्यातच गेला.

जुने फोन सोडण्याचे कारण काय?

पहिले कारण खर्चाचे. प्रत्येक जुन्या आवृत्तीवर ॲप तपासण्यासाठी माणसे आणि वेळ लागतो. शिवाय ॲप ज्या तयार घटकांवर उभे असते, तेही हळूहळू जुन्याची साथ सोडतात. गूगलने २०२३ मध्ये ‘प्ले सर्व्हिसेस’मधून अँड्रॉइड ४.४ ला वगळले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या ॲपना फारसा पर्याय उरला नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे आणि ते निव्वळ सबब नव्हे. ज्या फोनला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, त्यावर ग्राहकांची माहिती किंवा कंपनीचा पत्रव्यवहार उघडणे धोक्याचेच. जुन्या फोनची विश्वासाची यादीही शिळी होते. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे उदाहरण घ्या. या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपणार होती आणि नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनना ठाऊकच नव्हते. असे फोन एकूण अँड्रॉइड फोनच्या जवळपास एक तृतीयांश असल्याचा संस्थेचा २०२० मधील अंदाज होता. एवढ्या लोकांना तोडायचे नाही म्हणून संस्थेने खास व्यवस्था करून ती मुदतीनंतर आणखी तीन वर्षे चालवली. जुन्या फोनना सांभाळणे अशक्य नसते, फक्त ते कोणी तरी मनावर घ्यावे लागते.

फोन नवा असूनही अडचण कशी?

वय हा एकच निकष नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेने ‘ह्युआवे’वर व्यापारी निर्बंध घातले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला या कंपनीचा ‘मेट ३०’ गूगलच्या सेवांविनाच बाजारात उतरला. यंत्र अव्वल दर्जाचे, पण गूगलचे नकाशे वा सूचनासेवा गृहीत धरणारी ॲप त्यावर लंगडी पडली.

मायक्रोसॉफ्टवर तर स्वत:च्याच फोनबाबत ही वेळ आली. ‘विंडोज फोन’साठी इतर कंपन्यांनी ॲप बनवावीत म्हणून आपण पैसे मोजले, काही ॲप स्वत: लिहून दिली, तरी वापरणारे कमी असल्याने त्या पुढे आल्या नाहीत, अशी कबुली कंपनीचे अधिकारी जो बेल्फियोरी यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीरपणे दिली. ग्राहक नाहीत म्हणून ॲप नाहीत आणि ॲप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत, असे हे चक्र.

आणखी एक गंमत आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर काही जण स्वत: अँड्रॉइडची नवी, मुक्त आवृत्ती चढवतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात ताज्या असतात. पण मूळ प्रणाली बदललेली दिसताच गूगलची तपासणी वापरणारी बँकिंग व कार्यालयीन ॲप अनेकदा अशा फोनना नकार देतात.

महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो?

ही अडचण खासगी कंपन्यांपुरती नाही. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप मार्च २०२१ मध्ये आले. बालकांची वजने, उंची आणि आहाराची नोंद अंगणवाडी सेविकांनी त्यात करायची होती. राज्यातील सेविकांना त्याआधी दिलेले सरकारी फोन २ जीबी रॅमचे होते. फोन तापतात, अडकतात, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावरच पडतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी करत सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये हे फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. स्वत:च्या फोनवर काम करा, हा पर्याय मानधनावर काम करणाऱ्या आणि घरात एकच फोन असलेल्या बाईसाठी पर्याय नव्हताच. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवे मोबाइल ही एक प्रमुख मागणी होती. नोंद झाली नाही तर जबाबदार धरले जाणार सेविकेला. फोन आणि ॲप यांची निवड मात्र तिने केलेली नव्हती.

खर्च कोणी सोसायचा?

कॅलिफोर्नियातील अपील न्यायालयाने २०१४ मध्ये एका खटल्यात याबाबत स्पष्ट निकाल दिला. कामासाठी स्वत:चा फोन वापरणे बंधनकारक असेल तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यावा, मग कर्मचाऱ्याचा मासिक प्लॅन अमर्याद असला आणि त्याला जादा पैसे पडले नसले तरीही. हा निकाल बिलापुरता होता, फोनच्या किमतीबद्दल नाही. युरोपीय संघाने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तिथे २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, उत्पादकाने फोनची विक्री थांबवल्यानंतर किमान पाच वर्षे त्याला प्रणालीचे अपडेट द्यावे लागतात. भारतात एवढी वर्षे अपडेट देणे बंधनकारक करणारा नियम नाही. गूगलने ‘पिक्सेल ८’ पासून आणि सॅमसंगने ‘गॅलेक्सी एस २४’ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले, पण हे महागडे फोन. विक्री प्रतिनिधीच्या खिशात सहसा ते नसतात.

फोन घेताना काय पाहावे?

‘चार वर्षे अपडेट’ ही मुदत सहसा फोन बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजतात, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलची अर्धी मुदत आधीच सरलेली असते. मोठे अपडेट आणि सुरक्षा दुरुस्त्या यांची वर्षे वेगवेगळी असतात, तीही विचारून घ्यावीत. फोन कामासाठीच घ्यायचा असेल तर कंपनीच्या आयटी विभागाकडून किमान आवृत्ती लेखी मागावी. जुना फोन अडला असेल तर तेच काम ब्राउझरमधून होते का, हेही विचारावे. अनेक कार्यालयीन सेवांना ब्राउझरचा पर्याय असतो, फक्त तो कोणी सांगत नाही.