वाकळ शिवायला घेताय? आधी दोरा जाळून बघा, सुई काचेवर फिरवून बघा

सांबरा, प्रतिनिधी :

मे महिन्यात दुपारच्या वेळी निलजी, मुतगा, सांबरा, बाळेकुंद्री या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत गेलात तर एखाद्या तरी सोप्यात वाकळ अंथरलेली दिसते. चार बाजूंना चार दगड, मधे जुन्या लुगड्यांचे थर आणि कडेने बसलेल्या दोन-तीन बायका. कन्नड शेजारी तिलाच कवदी म्हणतात, घाटावर पुण्याकडे गेलं की ती गोधडी होते. मृगाच्या आधी वाकळ तयार झाली पाहिजे, कारण खरी थंडी आपल्याकडे डिसेंबरात असली तरी खरी ओल जून-जुलैत असते.

कापड कुठलं घ्यायचं यावर घरात तासभर चर्चा होते. आईचं लुगडं वरच्या बाजूला, आजोबांचं धोतर आत, इचलकरंजीहून किलोवर आणलेल्या चिंध्या कडेला. दोरा आणि सुई मात्र बाजारात जाणाऱ्याला शेवटी आठवण करून दिली जाते, 'येताना दोन रिळं आण' एवढीच. या बातमीदारानेही तीन वर्षांपूर्वी असंच केलं. आईची दोन लुगडी वाकळीसाठी काढली होती. दुकानात सुती दोरा मागितला, दुकानदाराने सुती म्हणूनच दिला. तिसऱ्या धुण्याला वाकळ टाक्याच्या रेषेत फाटत गेली. दोरा जसाच्या तसा होता, तुटलं होतं ते लुगडं. दोरा परत विकत मिळतो, तसलं लुगडं मिळत नाही.

दोरा मजबूत होता म्हणूनच कापड गेलं, हे तेव्हा कळलं. ते रीळ सुती नव्हतंच, पॉलिस्टरचं होतं. धुताना पिळा बसतो, झोपेत कोणीतरी पाय ताणतो, तेव्हा ताण कुठेतरी सुटावा लागतो. जुन्या सुती कापडापेक्षा दोरा फार ताकदीचा असेल तर तो कापड कापत जातो. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असला तर टाका तुटतो, आणि तुटलेला टाका पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. जुन्या जाणत्या बायका वाकळीला सुतीच दोरा मागतात, त्यामागे हेच कारण आहे.

सुती म्हणून काय मिळतं?

आज टेलरकडे जो दोरा सर्रास वापरला जातो तो बहुतेक 'स्पन पॉलिस्टर' असतो. हा दोरा नायलॉनसारखा चमकत नाही. आखूड तंतू कातून केलेला असल्यामुळे त्याला सुतासारखीच बारीक लव असते. हाताला आणि डोळ्याला तो सुतीच वाटतो, त्यामुळे दुकानातला पोरगाही खोटं बोलतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं. रिळाच्या बुडाला चिकटवलेल्या गोल कागदावर बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं. 'कॉटन' शब्द नुसता नको, त्यापुढे शंभर टक्के आहे का ते बघा. 'पॉली' हा शब्द कुठेही दिसला तर तो दोरा पूर्ण सुती नाही. आत पॉलिस्टर आणि वरून कापूस गुंडाळलेला दोराही मिळतो, तोही जुन्या लुगड्याला नको.

कागद निघून गेलेला असेल तर सरळ जाळून बघायचं. वीतभर दोरा चिमट्यात धरून काडी लावा, खाली पाण्याची ताटली ठेवा. सुती दोरा पिवळ्या ज्योतीने भुरुभुरु जळतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली की पीठ होते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो, काळा धूर सोडतो आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. तो मणी गरम असताना हात लावू नका. राख आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्रण समजा. दुकानात काडी ओढायला कोणी देणार नाही, म्हणून आधी एकच रीळ आणावं, घरी बघावं आणि मग उरलेली घ्यावीत. ती मात्र एकदमच घ्यावीत, कारण पुढच्या खेपेला तोच रंग तसाच मिळेल याची खात्री नसते.

दुसरी फसगत खळीची. काही दोऱ्यांना स्टार्च किंवा मेणाचा थर दिलेला असतो. हाताच्या शिलाईला असा दोरा चांगला, गुंतत नाही, थरांतून सरकतो. पण हलका दोराही खळ देऊन कडक करता येतो. ओळखायचं सोपं आहे. दोऱ्याचा तुकडा पाण्यात भिजवून दोन बोटांत चोळा. पाणी पांढरट झालं आणि दोरा लोळागोळा होऊन पदर सुटायला लागले तर जोर खळीचा होता, सुताचा नव्हता. चांगला सुती दोरा ओला झाल्यावर उलट थोडी जास्त ताकद धरतो, कापसाचा तो गुणच आहे. पॉलिस्टरला ओल्या-सुक्याचा फरक पडत नाही.

रंगीत दोरा घ्यायचा असेल तर, विशेषतः लाल आणि काळा, ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. फडक्याला डाग पडला तर पांढऱ्या धोतरावर तो दोरा घालू नका. आणि दुकानाच्या काचेत उन्हात पडलेली, रंग उडालेली रिळं स्वस्त मिळाली तरी नकोत. उन्हाने आणि वयाने सूत कुजतं. तुकडा दोन हातांत धरून झटका दिला आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा तुटला तर तो देवाच्या वातीला ठेवा.

आकड्यांचा उलटा हिशोब

रिळावरचा आकडा अनेकांना चकवतो. सुताचा नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, तो हा नंबर. २० नंबरी सुताचे एका पौंडात १६,८०० यार्ड होतात, ४० नंबरीचे ३३,६०० यार्ड. तेवढ्याच वजनात दुप्पट लांबी म्हणजे सूत बारीक, हे उघड आहे. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांना हा हिशोब पाठ असतो. ४०/३ असं लिहिलेलं असेल तर ४० नंबरी सुताचे तीन पदर एकत्र पिळलेत असा अर्थ. शर्टाला चालणारा ५०-६० नंबरी दोरा वाकळीला अपुरा पडतो. चार-पाच थरांना २० नंबरच्या आसपासचा तीन पदरी दोरा बरा, थर जास्त असतील तर त्याहून जाड. बारीक दोरा दुहेरी घेऊन काम भागतं, पण दोन्ही पदर सारखे ओढले जात नाहीत आणि एक आधी तुटतो.

मागावरचं उरलेलं सूत वापरावं का, असं वडगावकडचे लोक विचारतात. ते सूत बहुधा एकपदरी असतं, विणायला ठीक, शिवायला नाही. दहा वेळा कापडातून ओढलं की त्याची लव निघते. दोन-तीन पदर पिळून मधमाशीच्या मेणावरून ओढून घेतले तर चालेल, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा रीळ परवडतं. भरतकामाच्या सहा पदरी लडीचंही तसंच. ती दिसायला झकास, पण पीळ सैल असतो. वाकळीवर एखादं फूल काढायला ठीक, अख्खी वाकळ तिने शिवू नये.

'मर्सराइज्ड' असं लिहिलेलं असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. इंग्लंडच्या जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास कॉस्टिक सोड्याने सूत भक्कम होतं हे शोधलं, पुढे सूत ताणून धरून तीच क्रिया केली तेव्हा चमकही आली. असा दोरा रंग चांगला धरतो. युरोपात शिलाईचा सुती दोरा नावारूपाला आला तोही एका अडचणीतून. नेपोलियनच्या लढायांत रेशीम मिळेना, तेव्हा स्कॉटलंडच्या पेझली गावात क्लार्क घराण्याने १८१२ साली त्याच्या जागी सुती दोऱ्याचा कारखाना काढला. पेझली म्हणजे तेच गाव, ज्याच्या नावाने आपल्या कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत ओळखतात.

दोऱ्याचा पाया शेवटी कापसाचा तंतू. तंतू लांब तर दोरा गुळगुळीत आणि बळकट. आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल, सौंदत्तीकडे कापूस पिकतो, धारवाडच्या कृषी विद्यापीठाने काढलेली डीसीएच-३२ ही लांब धाग्याची जात शेतकऱ्यांना माहीत आहे आणि गोकाक धबधब्यावरची सूतगिरणी तर एकोणिसाव्या शतकातली. एवढं असून सांबऱ्याच्या माणसाला शंभर टक्के सुती रीळ मिळवायला चार दुकानं फिरावी लागतात, याचं नवल वाटतं.

एका वाकळीला दोरा किती?

वाणिज्य शाखेचा माणूस असल्याने हा हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. वाकळ ६ फूट बाय साडेचार फूट धरा, टाक्यांच्या ओळी अर्ध्या इंचावर. रुंदीत १०८ ओळी, प्रत्येक ७२ इंच, म्हणजे ६४८ फूट, सुमारे १९८ मीटर. धावदोरा थरांतून वर-खाली जातो म्हणून पाचवा हिस्सा वाढवा, गाठी आणि उरलेली टोकं धरून आणखी थोडा. पावणेतीनशे मीटरपर्यंत जातं. दुहेरी दोरा घेतला तर साडेपाचशे. इंचाला तीन टाके म्हटले तरी तेवीस हजारांच्या वर टाके होतात. एवढी मेहनत बाई करणार आणि आपण रिळामागे दहा रुपये वाचवणार, हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही. अंगावर शिवायला देत असाल तर दोरा आपण आणून द्यावा, मजुरी ठरवताना दोऱ्यावरून घासाघीस करू नये.

आता सुई. इथे नंबर दोन्हीकडून फिरतात. हाताच्या सुईचा नंबर मोठा तेवढी सुई बारीक, मशीनच्या सुईचा नंबर मोठा तेवढी जाड. मशीनवर १६ नंबर म्हणजेच १०० लिहिलेली सुई १ मिलिमीटर जाडीची, तीन-चार थरांना ती घ्या, फार जाड असेल तर १८. हाताने शिवताना १ ते ५ नंबरमधली लांब सुई बरी, लांब सुईवर एकदम चार-पाच टाके घेता येतात. काही बायका घाईला दाभण काढतात. दाभण पोत्यासाठी, जुन्या लुगड्यात त्याची भोकं भरून येत नाहीत.

सुई निवडताना काचेवर किंवा गुळगुळीत ताटलीवर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुलते. नेढ्यातून दोरा आठ-दहा वेळा मागे-पुढे ओढा. दोऱ्याला लव सुटली तर नेढ्याच्या आत खर राहिली आहे, ती सुई टाकून द्या. वाकळ शिवताना दोरा वारंवार तुटतो तो बहुतेक वेळा दोऱ्याचा नाही, नेढ्याचा दोष असतो. सुई बोटाने किंचित वाकवली तर सरळ व्हायला हवी. तशीच वाकून राहिली तर मऊ, कट्कन मोडली तर ठिसूळ.

ठिसूळ सुईचा धोका वेगळाच. मोडलेलं टोक थरांत अडकतं आणि त्याच वाकळीवर तान्हं मूल झोपतं. म्हणून बसताना सुया मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात. टोक सापडलं नाही तर जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक वाकळीवर सावकाश फिरवा, आणि तरीही मिळालं नाही तर तेवढा भाग उसवा. आळस करू नका. सुया कॅलेंडरात टोचून ठेवायची आपल्या घरांतली सवय पावसाळ्यात गंज आणते. तेलाचं बोट फिरवून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या बऱ्या. मधेच केसांतून सुई फिरवून घ्यायची बायकांची सवय त्याच कारणाची, केसांतल्या तेलाने ती सरकते.

ओवताना रिळावरून सुटलेलं टोक नेढ्यात घाला आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा, दोरा कमी पिळतो. हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नका. शिवण कडेपासून सुरू करून गोल गोल मध्याकडे न्यायची, म्हणजे थर सरकत नाहीत. खानापूर, हळियाळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायकाही आपली कवंद कोपऱ्यापासून कडेकडेने मध्याकडेच शिवत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना घडीच्या चिंध्यांची 'फुलं' लावतात. फुलाशिवाय कवंद त्यांना उघडीनागडी वाटते.

नव्या वाकळीची पहिली धुलाई थंड पाण्यात, न पिळता करा. उन्हात टाकताना दोरीवर लटकवू नका, ओल्या वाकळीचं सगळं वजन एकाच रेषेतल्या टाक्यांवर येतं. बाजेवर किंवा गवतावर पसरा. आमच्या घरची फाटलेली वाकळ यंदा उसवून पुन्हा घेतली आहे. दोन लुगड्यांतलं एकच वापरता आलं, या खेपेचा दोरा जाळून बघितलेला आहे.