किलोमीटरपेक्षा तास बोलके: जुन्या स्पोर्ट्स कारच्या संगणकाची तपासणी

स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा संगणक गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालवली गेली याची नोंद अधिक नेमकी ठेवतो. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात. पोर्शेच्या कागदपत्रांत त्याचे नाव डीएमई आहे. बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या मोटारीत प्रथम आली आणि पेट्रोल किती सोडायचे व ठिणगी केव्हा पाडायची हे दोन्ही निर्णय एकाच डब्याकडे गेले. त्यासाठी क्रँकशाफ्टचा प्रत्येक फेरा मोजावाच लागतो. मोजलेल्यापैकी थोडे कायमचे साठवून ठेवले, की ती मालकाच्या सवयींची नोंद होते. विकत घेणाऱ्याला हवी असते ती हीच.

जालना जिल्ह्यातल्या राजूर-भोकरदनच्या पट्ट्यात जुना ट्रॅक्टर घेणारा शेतकरी किलोमीटर विचारत नाही, तास विचारतो. नांगर ओढताना, रोटाव्हेटर चालवताना किंवा जागेवर उभे राहून मळणी करताना अंतर फारसे वाढत नाही, पण इंजिन झिजत असते. जुन्या ट्रॅक्टरचा यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतो, त्यामुळे रेस जास्त ठेवली तर घड्याळाच्या तासाहून त्याचा तास लवकर भरतो. मोटारीच्या बाजारात हा शहाणपणा उशिरा पोहोचला, आणि अजूनही पुरता रुजलेला नाही.

मोटारीच्या संगणकातून काढायची पहिली गोष्ट म्हणजे हे चालू तास. किलोमीटरला तासांनी भागले की आयुष्यभराचा सरासरी वेग निघतो. मीटरवर ४२,००० किलोमीटर आणि संगणकात १,२०० तास असतील, तर सरासरी ताशी ३५ किलोमीटर येते. शहर आणि महामार्ग मिळून चाललेल्या गाडीला हे शोभते. तेच तास असताना मीटर १५,००० दाखवत असेल, तर सरासरी साडेबारावर येते. मग गाडी सगळे आयुष्य मुंबईच्या गर्दीत रांगली असेल, नाहीतर मीटर पाडलेले असेल. उलट तास फारच थोडे आणि किलोमीटर भरपूर असतील, तर संगणक बदलला गेला का, हे विचारावे लागते.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे: मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांची. ही पद्धत पोर्शे ९११ मध्ये सर्वांत ठळकपणे दिसते. ९९६ या पिढीत मर्यादेपलीकडचा टप्पा दोन पायऱ्यांत नोंदला जाई. २००४ मध्ये आलेल्या ९९७ पासून पायऱ्या सहा झाल्या. कॅरेरामध्ये पहिली पायरी मिनिटाला साधारण ७,३०० फेऱ्यांपासून सुरू होते, चौथी ७,९०० च्या आसपास आणि सहावी साधारण ९,५०० च्या वर. प्रत्येक पायरीसमोर दोन आकडे असतात: त्या टप्प्यात किती ठिणग्या मोजल्या गेल्या, आणि अशी शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली.

ठिणग्यांचा आकडा पाहून नवखा माणूस घाबरतो, म्हणून त्याचे गणित समजून घ्यावे. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात तीन ठिणग्या पडतात. मिनिटाला ८,००० फेरे म्हणजे २४,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ४००. पहिल्या पायरीत ३,७०० ठिणग्या दिसल्या तर ते जेमतेम दहा सेकंद झाले. मोकळ्या रस्त्यावर लाल रेषेपर्यंत गिअर ओढणाऱ्या मालकाकडे हा आकडा काही महिन्यांत सहज जमतो, आणि ज्या इंजिनाची घडणच वरच्या फेऱ्यांसाठी आहे त्याचे त्याने काही बिघडत नाही.

खालच्या आणि वरच्या पायऱ्यांत जातीचा फरक आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन मर्यादेपर्यंत नेले, की संगणक स्वतः इंधन तोडतो आणि फेरे तिथेच अडतात. पायाने कितीही जोर लावला तरी चौथ्या-पाचव्या पायरीत जाता येत नाही. तिथे नेते ती गिअरची चूक. ९९७ कॅरेरा एसच्या हाती चालवायच्या सहा गिअरच्या पेटीत दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.३२, चौथ्याचे १.२८ आणि पाचव्याचे १.०८ आहे. पाचव्यात ५,००० फेऱ्यांवर असताना चौथा टाकला, तर फेरे ५,९०० च्या आसपास जातात. पण चौथ्याऐवजी दांडा शेजारच्या दुसऱ्यात पडला आणि क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला १०,७०० च्या पुढे ओढू पाहतात. इंधन तोडून इथे उपयोग नसतो, कारण इंजिन इंधनावर फिरतच नसते. अख्ख्या गाडीचा वेग त्याला फिरवत असतो.

अशा क्षणी कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,५०० वरून ९,००० म्हणजे फेऱ्यांत वीस टक्के वाढ, ताणात मात्र चव्वेचाळीस टक्के. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना इतक्या घाईने व्हॉल्व्ह बंद करणे जमत नाही आणि वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडू शकतो. वाकलेला व्हॉल्व्ह लगेच कळतो. रॉडच्या बोल्टला बसलेला ताण मात्र उशिरा कळतो. पोर्शेची पीडीके ही स्वयंचलित पेटी असा चुकीचा खालचा गिअर पडूच देत नाही, त्यामुळे पीडीकेच्या गाडीत वरच्या पायऱ्या साधारणपणे कोऱ्या असतात.

म्हणून अहवाल वाचताना ठिणग्यांच्या संख्येपेक्षा पायरी पाहावी, आणि पायरीबरोबर तास. समजा, १,२०० तास चाललेल्या गाडीत चौथ्या पायरीत १२० ठिणग्या आहेत आणि शेवटची नोंद ३१० व्या तासाची आहे. चूक एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाची, आणि त्यानंतर इंजिन जवळपास नऊशे तास निर्धोक चालले. ही गाडी घ्यायला हरकत नाही. पण सहाव्या पायरीत २०० ठिणग्या आणि नोंद १,१९५ व्या तासाची असेल, तर गाडी विकायला का काढली, याचे उत्तर तिथेच मिळण्याचा संभव मोठा. पाचव्या पायरीपर्यंत गेलेले इंजिन खालच्या पायऱ्यांतून गेलेले असते, म्हणून खालच्या पायऱ्या रिकाम्या आणि वरची एकटीच भरलेली दिसली, तर सेन्सरच्या वा संगणकाच्या दोषाचीही शंका घ्यावी.

इतर निर्मात्यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. २०१६ च्या डिसेंबरात भारतात आलेल्या निस्सान जीटी-आरमध्ये वाहनस्थितीची माहिती साठवणारी स्वतंत्र सोय आहे. फेरारीच्या एफ१ गिअरपेटीच्या गाड्यांत क्लच किती टक्के झिजला हे निदानयंत्रावर दिसते. फोक्सवॅगन समूहात ईसीएमचे मूळ सॉफ्टवेअर बदललेले अधिकृत कार्यशाळेला आढळले, की त्या गाडीवर टीडी१ अशी खूण पडते. मराठवाड्याला हा समूह परका नाही. जालना रस्त्यावरच शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. टर्बो इंजिन रिमॅप करून ताकद वाढवणे हा तरुण मालकांचा आवडता उद्योग असल्याने, स्कोडा किंवा ऑडीची वेगवान गाडी घेताना टीडी१ ची चौकशी अगत्याने करावी.

या भागात अशा गाड्या नवलाच्याही राहिलेल्या नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादच्या खरेदीदारांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला रस्ता जालन्याजवळून गेला. मात्र राजूरच्या गॅरेजातला स्कॅनर ही तपासणी करू शकत नाही. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण कायद्याने ठरलेली, प्रदूषणाशी संबंधित माहितीच वाचते; फेऱ्यांच्या पायऱ्या निर्मात्याच्या खास भाषेत असतात. पोर्शेसाठी पिविस हे कंपनीचे यंत्र किंवा ड्युरामेट्रिकसारखे खासगी साधन लागते, आणि अधिकृत कार्यशाळेसाठी मुंबई गाठावी लागली तरी तो खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

तरी स्वस्त स्कॅनर निरुपयोगी नाही. तो वाचतो ती ओबीडी-२ ही निदानप्रणाली भारतात एप्रिल २०१३ पासून बंधनकारक आहे, आणि त्यात एक उपयोगी आकडा मिळतो: चुकांचे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. हा आकडा तीस-चाळीस असेल आणि संगणकाच्या स्वतःच्या तपासण्यांच्या यादीत बऱ्याच बाबी अपूर्ण दिसत असतील, तर गाडी दाखवण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी कोड पुसले असावेत, किंवा बॅटरी काढली असावी. विक्रेत्याने दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा दाखवावी, ही मागणी रास्त आहे.

संगणकाला न दिसणारेही पुष्कळ आहे. थंड इंजिनाला सकाळी दिलेली रेस, ट्रॅकवर मर्यादेच्या आत राहून घेतलेल्या फेऱ्या, तापून निळसर पडलेल्या ब्रेक डिस्क, टायरच्या कडांची झीज: हे डोळ्यांनीच पाहावे लागते. १९९७ ते २००८ च्या बहुतेक ९११ आणि बॉक्स्टर गाड्यांतले मधल्या शाफ्टचे बेअरिंग आणि त्या इंजिनांच्या सिलिंडरच्या भिंतींवर पडणारे ओरखडे हे तर प्रसिद्ध दुखणे, आणि ते हळू चालवलेल्या गाडीलाही होते. फेऱ्यांचा अहवाल स्वच्छ असला तरी सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहणे आणि तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचे कण शोधणे टाळू नये.

गाडी पाहायला जाताना अहवालाची मागणी आधीच करावी. त्यावर चेसिस नंबर आणि तपासणीची तारीख छापलेली असावी, आणि तो नंबर आरसीशी ताडून घ्यावा. विक्रेता अहवाल देण्याचे टाळत असेल, किंवा स्वखर्चानेही तपासणी करू देत नसेल, तर रंग कितीही मनात भरला तरी इसाराचे पैसे देऊ नयेत.