पावसाला न भुलणारं बी

अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत वर्षाकाठी जेमतेम ५०-५५ मिलिमीटर पाऊस पडतो. २०१५च्या ऑक्टोबरात वादळी पावसाने या भागाला झोडपलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत तिथले खडकाळ उतार पिवळेधमक झाले. त्यात मोठा वाटा 'डेझर्ट गोल्ड'चा, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या एका हंगामी रोपाचा. फोटो जगभर फिरले आणि सगळं श्रेय पावसाला मिळालं.

ते अर्धंच खरं. एखादी सर आली, बी रुजलं आणि पुढे महिनाभर आभाळ कोरडं राहिलं, तर वंश खुंटला. आपल्याकडे मृगाच्या सरींना भुलून पेरणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. वाळवंटातल्या रोपाला दुसरं बियाणं कोण देणार?

बी ही चूक कशी टाळतं, हे उलगडण्यात फ्रिट्स वेन्ट यांचा वाटा मोठा. ओटच्या कोंबातून ऑक्झिन वेगळं करणारे, अकरावीच्या जीवशास्त्रात भेटणारे वेन्ट ते हेच. पाठ्यपुस्तक त्यांना तिथेच सोडून देतं. पुढे कॅलिफोर्नियात या माणसाने वाळवंटातली माती आणून प्रयोगशाळेत तिच्यावर चक्क पाऊस पाडला! नुसत्या शिडकाव्याने काही उगवलं नाही. इंचभर पाणी पडलं, तेव्हा कोंब वर आले. मग तीच माती त्यांनी खालून भिजवली. पुरेशी ओल असूनही बी ढिम्म! कित्येक बियांमध्ये अंकुर रोखणारी द्रव्यं असतात. वरून पडून खाली झिरपणाऱ्या पाण्याने ती धुऊन निघाली, तरच बी हलतं. गंमत म्हणजे माती गार ठेवली तर हिवाळी रोपं उगवली, उबदार ठेवली तर उन्हाळी. मूठभर मातीत दोन्ही हंगामांचं बी दडलेलं होतं.

एवढं होऊनही सगळं बी एकदम उगवत नाही. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरालगतच्या टुमामॉक टेकडीवर लॅरी व्हेनेबल आणि सहकाऱ्यांनी १९८२पासून वर्षानुवर्षं अशी रोपं मोजली. ज्या जातींना एखादं वर्ष भरभरून देतं आणि एखादं पार बुडवतं, त्या जातींचं जास्त बी मातीतच थांबून राहतं, असं त्यांना आढळलं.

या हिशेबात आता सहारा मस्टर्ड ही मोहरीची परदेशी भाऊबंद घुसली आहे. ती इतरांआधी उगवते, ओल पिऊन टाकते आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण पुरवते. फुलांच्या बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच येतो. खरं तर तो आधी यायला हवा.

बी किती वर्षं तग धरतं? वेन्ट यांनी फिलिप मुन्झ यांच्यासह १९४७च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या शंभरावर जातींचं बी निर्वात नळ्यांत बंद केलं. प्रयोग ३६० वर्षांचा आहे. शेवटच्या नळ्या २३०७ साली उघडायच्या आहेत.