माध्यमांतर, अपयश आणि जिव्हाळा : डेव्हिड लिंच यांच्या 'ड्यून'ची स्मृती

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : चित्रपटाने मूळ कृतीशी इमान राखले की नाही? या प्रश्नाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पलीकडे आणखी एक प्रश्न उरतो आणि तो अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक अडचणीचा आहे. एखादे माध्यमांतर फसले असा निर्णय समीक्षकांनी दिला, प्रेक्षकांनी पाठ फिरविली, खुद्द दिग्दर्शकाने त्या कृतीचे पितृत्व नाकारले. आणि तरीही त्या कृतीवर जीव जडलेला एक वर्ग चार दशके टिकून राहिला, तर त्या जिव्हाळ्याला समीक्षेत काही स्थान आहे काय? की ती केवळ वैयक्तिक भावविवशता म्हणून बाजूला ठेवावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार डेव्हिड लिंच यांच्या 'ड्यून' (१९८४) या अमेरिकन चित्रपटाच्या आधारे करावयाचा आहे.

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही विज्ञानकादंबरी प्रथम 'अ‍ॅनालॉग' या मासिकातून क्रमशः आली आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अराकिस हा निर्जल वाळवंटी ग्रह, तेथेच मिळणारा 'मेलांज' नावाचा मसाला, त्या मसाल्यावर अवलंबून असलेली आंतरतारकीय सत्ता, आणि या सत्तासंघर्षात वाळवंटातील फ्रेमेन लोकांचा मसीहा बनणारा पॉल अ‍ॅट्रायडीझ हा तरुण, असा तिचा विस्तार आहे. ह्यूगो आणि नेब्युला हे या क्षेत्रातील दोन्ही प्रमुख पुरस्कार तिला मिळाले. सत्तरच्या दशकात आलेहांद्रो होदोरोव्स्की यांनी तिच्यावर चित्रपट करण्याचा घाट घातला होता. तो चित्रीकरणापर्यंत पोचलाच नाही. पुढे डिनो डी लॉरेंटिस यांच्याकडे हक्क आले, त्यांची कन्या राफाएला हिने निर्मिती केली आणि लिंच यांनी पटकथा व दिग्दर्शन केले. चित्रीकरण मेक्सिकोत झाले. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून तयार झालेला हा १३७ मिनिटांचा चित्रपट डिसेंबर १९८४ मध्ये प्रदर्शित झाला आणि अमेरिकेत त्याचे उत्पन्न ३ कोटींच्या आसपास थांबले.

समीक्षकांनी त्याची गय केली नाही. रॉजर एबर्ट यांनी त्याला एक तारा दिला आणि कथानक कळेनासे असल्याचा ठपका ठेवला. अंतिम संकलनाचा अधिकार हाती नसताना हे काम स्वीकारले याची खंत लिंच पुढे आयुष्यभर बोलून दाखवीत राहिले. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी वगळलेले भाग जोडून तीन तासांहून मोठी आवृत्ती सिद्ध करण्यात आली, तेव्हा त्यांनी तिच्यावरून आपले नाव काढून घेतले. दिग्दर्शक म्हणून 'अ‍ॅलन स्मिथी' हे त्या व्यवसायातील रूढ टोपणनाव आले आणि पटकथालेखक म्हणून 'जुडास बूथ'. ख्रिस्ताचा विश्वासघात करणारा जुडास आणि लिंकनचा मारेकरी बूथ यांच्या नावांचा हा जोड पाहिला म्हणजे लिंच यांचा क्षोभ वेगळा सांगावा लागत नाही.

अशा चित्रपटाविषयीच्या प्रेमाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे स्मरणरंजन. लहानपणी दूरचित्रवाणीवर किंवा व्हिडिओ फितीवर पाहिलेले सारेच पुढे गोड वाटते, असे म्हणून हा विषय मिटविता येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु निव्वळ स्मरणरंजन सरसकट असते. त्याला विशिष्ट तपशिलांशी कर्तव्य नसते. या चित्रपटाच्या चाहत्यांच्या आठवणी मात्र विलक्षण नेमक्या आहेत, आणि लक्षणीय बाब अशी की ज्या विशेषांना समीक्षकांनी दोष म्हटले, नेमक्या त्याच विशेषांपाशी त्या येऊन थांबतात. पात्रांचे कुजबुजते विचार, सुरुवातीचे लांबलेले निवेदन, परक्या शब्दांची गर्दी, अंगावर येणारे नेपथ्य. चाहते या दोषांकडे डोळेझाक करीत नाहीत. ते त्यांच्यावरच प्रेम करतात. समीक्षेने विचार करावा असे काही असेल तर ते येथे आहे.

यांपैकी कुजबुजत्या विचारांचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहावयास हवा. हर्बर्ट यांच्या कादंबरीत एकाच प्रसंगात दोन-तीन पात्रांच्या मनात आळीपाळीने शिरण्याची पद्धती आहे; उच्चारलेला संवाद एका ठशात आणि मनातला विचार तिरप्या ठशात. राजकारणाने ग्रासलेल्या त्या जगात बोललेले आणि मनातले यांतील अंतर हाच नाट्याचा गाभा आहे. लिंच यांनी हे तिरपे ठसे जवळजवळ जसेच्या तसे ध्वनिपट्टीवर आणले. पात्राचे ओठ मिटलेले, चेहरा स्थिर, आणि त्याचा विचार श्वासमिश्रित कुजबुजीत आपल्याला ऐकू येतो. वास्तववादी चित्रपटाच्या व्याकरणात हा प्रमाद होय. जे अभिनयाने दाखवावयाचे ते बोलून दाखविले, असा आक्षेप त्यावर सहज घेता येतो. परंतु नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. 'स्वगत' हा संकेत आपल्या परंपरेला पूर्ण परिचित आहे. रंगमंचावरील इतरांना ऐकू न जाणारे आणि प्रेक्षकाला मात्र ऐकू येणारे ते बोलणे पात्राला प्रेक्षकाच्या विश्वासात आणते. पुढे वास्तववादी नाटकाने स्वगताला कृत्रिम ठरवून हद्दपार केले ही गोष्ट वेगळी. लिंच यांच्या चित्रपटात ते हद्दपार केलेले स्वगत परत आले आहे, आणि तेही अगदी कानाशी. चाहत्यांना ते आठवते, कारण त्या कुजबुजीने त्यांना कटाचे भागीदार करून घेतले. २०२१ आणि २०२४ मध्ये डेनी व्हिलनव्ह यांनी याच कादंबरीचे जे दोन भाग केले त्यांत ही पद्धती टाळली आहे. मनातले ते बव्हंशी दृश्यांवर, हातांच्या खुणांवर व मौनावर सोपवितात. कौशल्याच्या दृष्टीने ते निःसंशय सरस आहे. पण त्या सरसपणात पात्राच्या शेजारी बसल्याची जवळीक राहत नाही, आणि जुने चाहते काय गमावल्याची तक्रार करतात हे त्यावरून कळते.

आरंभीच्या निवेदनाचेही असेच आहे. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर राजकन्या इरुलानचा चेहरा दिसतो, ती त्या जगाची माहिती सांगते, विरून जाते, आणि काही सांगावयाचे राहिले म्हणून पुन्हा उमटते. कित्येकांना हे हास्यास्पद वाटले. वस्तुतः कादंबरीतील प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी असलेल्या उताऱ्यांपैकी बहुतेक इरुलानच्याच लेखनातील म्हणून दिलेले असल्याने तिला सूत्रधाराचे काम देणे हे मूळ संहितेचे चांगले वाचन आहे. 'विसरलेच' म्हणून परत येण्यात तर कथेकऱ्याची लकब आहे! प्रदर्शनाच्या वेळी काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांना छापील शब्दार्थसूची वाटण्यात आली, याचीही पुष्कळ थट्टा झाली. मात्र हर्बर्ट यांच्या कादंबरीला मुळातच परिशिष्टे आणि पारिभाषिक कोश जोडलेला आहे, हे थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. चित्रपटगृहात अंधार असतो आणि तेथे कोश चाळता येत नाही, एवढी व्यावहारिक अडचण मात्र खरी.

वोल्फगांग ईझर यांनी संहितेतील 'रिक्त जागा' आणि त्या भरून काढणारा वाचक यांचे जे विवेचन केले आहे, ते येथे उपयोगी पडते. लिंच यांच्या चित्रपटात रिक्त जागा अतोनात आहेत, आणि त्या बहुतांशी कलात्मक योजनेतून नव्हे तर कात्रीमुळे निर्माण झाल्या आहेत. उत्तरार्धात दोन वर्षांचा काळ काही मिनिटांत उरकला जातो. माणसे येतात, नाव सांगतात आणि मरतात. कादंबरी वाचलेल्या प्रेक्षकाने या जागा स्वतःच्या वाचनाने भरल्या. कादंबरी न वाचलेला प्रेक्षक एक तर वैतागून निघून गेला किंवा कुतूहलाने पुस्तकाकडे वळला. आणि या दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना कादंबरीतील पॉल काईल मॅकलाक्लन यांच्या चेहऱ्यानेच भेटला. दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने गेले तरी चाहत्याच्या स्मृतीत जो 'ड्यून' वसतो तो पडद्यावरच्या १३७ मिनिटांचा नसतो. तो पुस्तक आणि चित्रपट यांच्या दरम्यान त्याने स्वतः घडविलेला असतो. परिपूर्ण माध्यमांतर प्रेक्षकाला एवढे काम देत नाही. ईझर यांच्या मनातील रिक्त जागा कलावंताच्या शिस्तीतून येतात, अपघातातून नव्हे, असा आक्षेप येथे येऊ शकतो. तो मान्य करूनही, वाचनाच्या व्यापाराला रिकाम्या जागेचे कुळ विचारावे लागत नाही, असे माझे मत आहे.

नेपथ्याविषयी थोडक्यात. अँथनी मास्टर्स यांनी उभारलेली लाकूड, पितळ आणि सोने यांनी मढलेली दालने त्या काळच्या चकचकीत अंतराळयानांहून निराळी होती. भविष्यकाळ जुना, वापरलेला, वारशाने आलेला वाटू शकतो, हे त्यांनी दाखविले, आणि प्रतिकूल समीक्षकांनीही हे श्रेय सहसा नाकारलेले नाही.

जिव्हाळ्याची बाजू मांडताना त्याच्या मर्यादाही सांगणे अगत्याचे आहे. दोन ठिकाणी चाहत्यांची स्मृती निवडक, किंबहुना सोयीस्कर ठरते. पहिले स्थळ शेवटाचे. चित्रपटाच्या अखेरीस अराकिसवर पाऊस पडतो. कादंबरीच्या तर्कानुसार पाणी हे वाळूकृमींना घातक, आणि कृमींवाचून मसाला नाही. म्हणजे हा पाऊस त्या जगाच्या मुळावर येणारा आहे. त्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, करिष्म्याच्या नेत्याविषयी सावध करणे हा हर्बर्ट यांचा घोषित हेतू होता. पाऊस पाडून चित्रपटाने पॉलला खराखुरा देव केले आणि इशाऱ्याचा जयघोष झाला. हर्बर्ट यांनी १९८५ मधील 'आय' या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत चित्रपटाविषयी पुष्कळ आपुलकीने लिहिले आहे. तथापि पॉलच्या या देवत्वाला त्यांचाही आक्षेप होता. दुसरे स्थळ बॅरन हार्कोनन याच्या चित्रणाचे. त्याची समलैंगिकता आणि त्याच्या चेहऱ्यावरचे गळू यांची सांगड एड्सच्या भयाने ग्रासलेल्या त्या वर्षांत घातली गेली, आणि रॉबिन वुड या समीक्षकाने तिचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. चाहत्यांच्या आठवणीत बॅरन बहुधा किळसवाणा पण करमणूक करणारा खलनायक म्हणूनच उरतो. या दोन्ही ठिकाणी समीक्षकाने चाहत्याच्या स्मृतीला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये.

या जिव्हाळ्याचे सर्वांत विलक्षण फलित म्हणजे चाहत्यांनी केलेली संकलने. मूळ प्रदर्शित आवृत्ती, दूरचित्रवाणीची आवृत्ती आणि वगळलेली दृश्ये यांची तुलना करून काहींनी आपापल्या आवृत्त्या सिद्ध केल्या. पाठभेद पाहणे, प्रक्षिप्त भाग काढणे, गळलेला भाग योग्य जागी बसविणे ही कामे आपल्या विभागांतील पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाहीत. एक फरक मात्र मूलभूत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा ज्ञानेश्वरांची एक मूळ संहिता होती आणि तिच्याकडे परत जावयाचे होते. 'ड्यून'च्या बाबतीत तशी संहिता कधी अस्तित्वातच आली नाही. दिग्दर्शकाची म्हणून मान्य अशी आवृत्ती लिंच यांनी केली नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे हे संपादक शोधत असलेला पाठ हर्बर्ट यांच्या पुस्तकात नाही आणि लिंच यांच्या फितीतही नाही. तो त्यांना आपल्या आठवणीवरून जुळवावा लागतो.