इंजिन बंद, काच खाली

चौफुल्याहून केडगाव, पारगाव, न्हावरेमार्गे शिरूरला जायचं तर सकाळी निघावं. रस्ता उत्तरेकडे जातो, गाडी डाव्या अंगाने चालते. त्यामुळे जवळची खिडकी पश्चिमेला येते आणि उगवतीचं ऊन समोरच्या तारेवरच्या पाखरावर पडतं. त्याच वेळी शिरूरहून निघालात तर डावीकडचा प्रत्येक पक्षी काळाच दिसणार. व्हॅनमधून पक्षी बघणाऱ्याला नकाशाच्या आधी सूर्य बघावा लागतो.

आमची व्हॅन हेच आमचं लपण. माणूस खाली उतरला की वेडा राघू लगेच उडतो, पण तेवढ्याच अंतरावर गाडी येऊन उभी राहिली तर तो पकडलेली माशी निवांत तारेवर आपटत बसतो. दिवसभर वाहनं बघणाऱ्या पाखराला धास्ती असते ती दोन पायांच्या आकृतीची. म्हणून थांबल्यावर इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची आणि दाराला हात लावायचा नाही. इंजिन चालू असेल तर त्याची थरथर दुर्बिणीत कित्येक पट मोठी होऊन दिसते. आठ पटींची दुर्बीण पुरे, त्याहून मोठी हातात हलत राहते. पहिली काही मिनिटं रिकामी जातात. मग ज्या ढेकळांवरून नजर दोनदा फिरून गेलेली असते, त्यांतलंच एक चालू लागतं आणि माळटिटवी होतं.

पुणे-सोलापूर हमरस्त्याच्या कडेला मात्र थांबू नये, तिथे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. यवत-पाटसच्या बाजूला चहासाठी ढाब्यावर वळलो की आम्ही गाडी मागच्या अंगाला लावतो. पुढे सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या, होले आणि साळुंक्या असतात. खरी मजा मागे, भांडी धुतलेल्या पाण्याच्या डबक्याशी. तिथे थंडीत धोबी शेपटी हलवत फिरतो आणि वंचक मान आखडून उभा असतो.

या थांब्यांची यादी केली की त्यातून पाण्याचा नकाशा तयार होतो. केडगावच्या आसपास ऊस आणि गुऱ्हाळं आहेत, कारण खडकवासल्याचा कालवा दौंडपर्यंत येतो. ट्रॅक्टर नांगरत असला तर मागे गायबगळ्यांची रांग आणि वर कोतवाल, हे ठरलेलं. पारगावजवळ भीमेच्या उथळ पाण्यात शेकाट्या दिसतात. शिरूर तालुक्यातही चासकमान आणि घोडच्या कालव्यांखाली ऊस आहेच, पण कान्हूर मेसाईकडे वळलं की माळ सुरू होतो. तिथे कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडत उंदीर शोधते आणि मोराची चिंचोलीच्या चिंचांखाली मोर वावरतात. चौफुल्याहून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली चिंकारांसाठी राखलेलं हे रान जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, पण धाविक आणि चंडोल कुंपणाबाहेरच्या गवतातही दिसतात. अशा गवताळ जागांना सरकारी कागदांत पडीक म्हणायची रीत आहे, आणि पडीक म्हटलं की तिथे कारखाना नाहीतर प्लॉटिंग उभं राहायला वेळ लागत नाही.

दौंडच्या पूर्वेला खानोट्याकडे उजनीचा फुगवटा येतो. हे धरण 1980 साली पूर्ण झालं. हिवाळा सरताना पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी त्या उथळ पाण्यात चरतात. पाणी भरलेलं असताना त्याच जागी आलात तर हात हलवत परत जाल.

म्हणून आम्ही नव्या जागांमागे धावणं सोडलं. तेच थांबे घेतो आणि प्रत्येक ठिकाणी वेळ, पीक, कालव्याला पाणी होतं की नाही आणि दिसलेले पक्षी वहीत लिहितो. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या येतात. पण जिथे ज्वारी जाऊन ऊस आला, त्या थांब्यापुढे भोरड्यांचा रकाना रिकामा राहू लागला आहे. ही गोष्ट एका फेरीत कुणालाच कळली नसती.