दोन निशाणांचें गलबत



ट्राफल्गारच्या लढाईचा धडा शिकविला म्हणजे नेल्सन आणि त्याचें 'व्हिक्टरी' हें जहाज एवढेंच बहुधा मुलांच्या ध्यानांत राहतें. हरलेल्या पक्षाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. परंतु त्या दिवशीं फ्रेंचांच्या बाजूस असलेलें एक गलबत पुढें १४४ वर्षें पाण्यावर होतें. आजचें बोलणें त्याच्याविषयीं आहे.

त्याचें मूळ नांव 'द्यूगे-त्रुअँ'. सां-मालो बंदराच्या या नांवाच्या शूर दर्यावर्द्यानें १७११ सालीं रिओ दि जानेरो हें शहर काबीज केलें होतें. त्याच्या स्मरणार्थ हें नांव ठेविलें. रोशफोरच्या गोदींत बांधलेलें हें जहाज मार्च १८०० मध्यें पाण्यांत उतरलें. शतकाची मोजणी एकापासून होते, शून्यापासून नव्हे. तेव्हां तें अठराव्या शतकाचेंच अपत्य म्हटलें पाहिजे.

तें चौऱ्याहत्तर तोफांचें होतें. हा आंकडा त्या काळीं फार मोलाचा होता. याहून लहान जहाज लढाईच्या रांगेंत टिकत नसे, आणि तीन मजली प्रचंड जहाज सुस्त चाले व खर्चास भारी पडे. चौऱ्याहत्तरी जहाजास तोफांचे दोन मजले. खालच्या मजल्यावर ३६ पौंडी गोळा फेंकणाऱ्या जड तोफा, वरच्यावर हलक्या. मारा जबर आणि चालही चपळ, असा हा मेळ फ्रेंच कारागिरांना उत्तम साधला होता. म्हणूनच इंग्रज अशीं जहाजें हातीं लागलीं तर तीं न मोडतां आपल्याच आरमारांत घेत.

१८०३ सालीं हैतीच्या किनाऱ्यावरील इंग्रजांचा वेढा चुकवून तें निसटलें. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्राफल्गारला तें द्यूमान्वार या सेनानीच्या हाताखालीं आघाडीच्या तुकडींत होतें. नेल्सननें रांग फोडली ती मध्यावर आणि पिछाडीवर. आघाडीनें मागें वळून मदतीस यावयाचें, तर वारा अगदीं मंद! शिडाच्या जहाजास वाऱ्यापुढें कोणाचा हुकूम चालत नाहीं. वळेपर्यंत लढाईचा निकाल लागत आला होता. चार जहाजें थोडा मारा करून निघून गेलीं, त्यांत हें एक. द्यूमान्वारवर पुढें पुष्कळ टीका झाली. माझ्या मतें तींतील निम्मी तरी वाऱ्यावर व्हावयास हवी होती.

सुटका मात्र चौदाच दिवसांची ठरली. ४ नोव्हेंबरला स्पेनच्या ऑर्तेगाल भूशिराजवळ इंग्रज सेनानी स्ट्रॅचन यानें चारही जहाजें गांठलीं. कप्तान तूफे लढतां लढतां पडला, आणि जहाज शत्रूच्या स्वाधीन झालें. त्याचें नवें नांव 'इंप्लेकेबल', म्हणजे कांहीं केल्या शांत न होणारें!

आतां तें इंग्रजांकडून लढूं लागलें. १८०८ सालीं बाल्टिक समुद्रांत त्यानें एका रशियन युद्धनौकेचा पाडाव केला, आणि १८४० सालीं सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेंतही तें होतें. पुढें वाफेचीं जहाजें आलीं. १८५५ पासून तें डेव्हनपोर्टला मुलांना खलाशीकाम शिकविण्याच्या उपयोगी पडलें. तोफांच्या मजल्यावर शाळा भरूं लागली, हें ऐकून माझ्यासारख्या मास्तरास कौतुक वाटावें यांत नवल नाहीं.

१९१२ सालीं व्हीटली कॉब या उदार गृहस्थानें तें आपल्याकडे घेऊन मोडीतून वांचविलें. याच कॉबजवळ 'ट्रिंकोमाली' नांवाचें दुसरें जुनें जहाज होतें, आणि तें आपल्या मुंबईचें! वाडियांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधून तें १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें. गंमत अशी कीं त्याचा आराखडाही मुळांत एका धरून आणलेल्या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. रोशफोरचें ओक आणि मुंबईचें सागवान अशीं तीं दोन जहाजें १९३२ पासून पोर्टस्मथच्या बंदरांत शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकच्या जहाजाची प्रकृति ढासळली. युद्धानें कंगाल झालेल्या इंग्लंडपाशीं दुरुस्तीस पैसा नव्हता. फ्रान्सला विचारलें, त्यांनींही नकार दिला. ज्या राष्ट्रांनीं त्याच्यासाठीं रक्त सांडलें, त्या दोघांनाही तें नकोसें व्हावें! २ डिसेंबर १९४९ रोजीं तें वाइट बेटाच्या पलीकडे समुद्रांत नेलें, इंग्रज व फ्रेंच अशीं दोन्ही निशाणें चढविलीं, आणि तळाशीं सुरुंग उडविले. तरी तें तत्काळ बुडालें नाहीं. तळ फुटूनही बराच वेळ पाण्यावर राहिलें.

लोक हळहळले. पुढें 'कटी सार्क' या चहाच्या जहाजाचा बचाव करतांना ही हळहळच उपयोगी पडली. 'इंप्लेकेबल'च्या पिछाडीचीं कोरीव सज्जे-खिडक्यांचीं लांकडें काढून ठेविलीं होतीं. तीं ग्रिनिचच्या नाविक संग्रहालयांत आहेत. शेजारचें मुंबईचें जहाज मात्र वांचलें, आणि हार्टलपूल बंदरांत अजून पाण्यावर तरंगत आहे.