आसन हलेना, तेव्हा...

राजाचे आसन अढळ असावे हे ठीक. पण मोटारीतले आसन अढळ झाले, की घरात मोठाच पेच पडतो! गाडी एक आणि चालवणारी माणसे तीन, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला नेहमीचा हिशेब. रात्री सहा फुटी चिरंजीव गाडी लावून गेलेले असतात. सकाळी पाच फुटी मातोश्री कचेरीला निघतात. बटण दाबावे, तर विजेवर चालणारी ती सीट ढिम्म हलत नाही.

हा प्रश्न केवळ ऐसपैस बसण्याचा नाही. ब्रेक पूर्ण दाबतानाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. शिवाय छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून निदान २५ सेंटिमीटर दूर हवी. कारण धडक बसली की तेथूनच एअरबॅग उसळते. पाठीमागे दोन उशा लावून वेळ मारून नेणे जिवावर बेतू शकते. सीट दुरुस्त होईपर्यंत ती ज्याला बरोबर बसते, त्यानेच गाडी चालवावी हे उत्तम.

तरी घाबरण्याचे कारण नाही. यंत्र तसे साधे आहे. सीटखाली दोन रूळ असतात. बहुतेक गाड्यांत त्यांना जोडून आटे पाडलेले लांब दांडे आणि ते फिरवणारी १२ व्होल्टची लहानशी मोटर असते. बटण पुढे ढकलले की मोटर एका दिशेने फिरते, मागे ओढले की उलट. उंचीला आणि पाठीला बहुधा निराळ्या मोटरी असतात. म्हणून हाती पाना घेण्यापूर्वी बटण दाबून नीट कान द्यावा. निम्मे निदान आवाजातच होते.

आवाजच नसेल, तर वीज पोहोचत नाही असे समजावे. पाठ आणि उंचीची बटणे दाबून पाहावीत. सारीच गप्प असतील, तर आधी फ्यूज तपासावा. तो कोठे आहे हे गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेले असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला आमंत्रण! एकच हालचाल बंद असेल, तर दोष तिच्या बटणात, तारेत किंवा मोटरीत असणार.

‘हूं’ असा आवाज होऊन मोटर थबकत असेल, तर काहीतरी अडले आहे. सीट उलट दिशेने किंचित सरकते का पाहावे आणि टॉर्च लावून रुळात डोकवावे. नाणे, पेन, बाटलीचे झाकण, मुलांचे खेळणे, हे नेहमीचे गुन्हेगार. लांब चिमट्याने ते काढावे. सीटखाली हात असताना दुसऱ्या कोणी बटणाला हात लावू नये. बटण दाबून धरण्याचा हट्टही नको, मोटर तापते. अडथळा दिसत नसेल, तर वाळलेले ग्रीज आणि धूळ यांचा लेप जमला असेल. तो फडक्याने पुसून पांढरे लिथियम ग्रीज पातळ लावावे. स्वयंपाकघरातले तेल मात्र नको; त्यावर धूळ बसून पुन्हा चिकटा होतो.

मोटर घरघरते, पण सीट हलत नाही, किंवा एकच बाजू सरकून सीट तिरकी होते, असे असेल तर मोटरीकडून रुळाकडे जाणारी फिरती केबल निसटली असेल किंवा आतले दाते झिजले असतील. येथे घरगुती वैद्यकी संपली! यासाठी सीट बाहेर काढावी लागते आणि ते काम गॅरेजचेच.

याचे कारण सीटच्या पोटात दडले आहे. व्होल्वोने १९९४ साली सीटमध्ये बसवलेली बाजूची एअरबॅग बाजारात आणली आणि पुढे अनेक गाड्यांत ती आली. तिच्या तारांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. पिवळे दिसले की हात मागे! ती जोडणी सोडू नये, तिच्यात टेस्टर खुपसू नये. नुसती चावी काढल्याने धोका टळत नाही. मेकॅनिकसुद्धा आधी बॅटरीचे ऋण टोक सोडतो आणि पुस्तकात सांगितला असेल तितका वेळ थांबतो. शिवाय सीटचे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळावे लागतात. अपघातात सीट जागेवर राहते ती त्यांच्याच भरवशावर.

आणखी एक गंमत मेकॅनिक लोकांना पक्की ठाऊक असते. सीट पुढे सरकवली तर मागचे बोल्ट दिसतात, मागे सरकवली तर पुढचे. अधेमध्ये किंवा एका टोकाला अडकलेली सीट आपलेच बोल्ट झाकून बसते आणि काम दुप्पट वाढवते. तेव्हा सीट मंद सरकू लागली, कण्हू लागली, की त्याच आठवड्यात लक्ष घालावे.

दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडतो, कपाटे पुसतो. तसाच एक हात गाडीच्या सीटखालीही फिरवावा. सीट पूर्ण पुढे घ्यावी, मागून झाडावे. पूर्ण मागे घ्यावी, पुढून झाडावे. पाच मिनिटांचे काम! कदाचित हरवलेली चार-दोन नाणीही हाती लागतील. लक्ष्मी घरी यावी हे खरे. पण तिने सीटच्या रुळात ठाण मांडू नये!